दांडपट्ट्यातला लाडू

बापूसाहेब देवकते यांचा उजवा हात दांडपट्ट्यात अडकला, ही बातमी खंडेनवमीच्या सकाळी चहाबरोबर सगळ्या गल्लीत पोचली. बातमी खोटी होती. हात अडकलेला नव्हता, लाडू अडकला होता. आणि ते बापूसाहेबांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

ज्यांनी दांडपट्टा फक्त मिरवणुकीत लांबून पाहिला आहे, त्यांच्यासाठी सांगायला हवं. त्याला तलवारीसारखी उघडी मूठ नसते. कोपरापर्यंत हात गिळणारा लोखंडी खोबळा असतो, आत धरायला आडवी दांडी, आणि पुढं लवलवतं लांब पातं. खोबळ्याच्या तोंडाशी, कोपराजवळ, एक लोखंडी कडं असतं. रिकामा हात त्यातून सहज आतबाहेर होतो. डिंकाचा लाडू धरलेली मूठ होत नाही.

हा लाडू तिथं आला कसा, याला पूर्वपीठिका आहे. गेल्या नवरात्रात डॉक्टरांनी बापूसाहेबांची साखर वाढल्याचं सांगितलं. दुसऱ्या कुठल्या बायकोनं नवऱ्याला चार शब्द सुनावले असते. बाळाबाईंनी तसं केलं नाही. त्या तुळजापूरला गेल्या आणि देवीपुढं पदर पसरून नवस बोलल्या, की यांची साखर जाग्यावर येईस्तोवर मी गोड तोंडात घालणार न्हाय. ही बाई म्हणजे बालुशाहीसाठी सख्ख्या भावाशी अबोला धरलेली बाई. तिनं वर्षभर चहासुद्धा बिनसाखरेचा घेतला. बापूसाहेबांची साखर मात्र जाग्यावर येईना, आणि ती का येत नाही याचं उत्तर बैठकीच्या भिंतीवर, पट्ट्याच्या खोबळ्यात, कागदात गुंडाळून ठेवलेलं असे. प्रत्येक लाडवागणिक बायकोचा नवस लांबतोय हे त्यांना कळत होतं. दर एकादशीला ते शेवटचा लाडू खात.

बापूसाहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. भिंतभर हत्यारं हा त्यांचा छंद. काही आजोबांची, काही भंगारवाल्याकडून घेतलेली, एकदोन जत्रेतली आणि त्यांच्याविषयी ते जास्त बोलत नसत. दर खंडेनवमीला ही हत्यारं पुसून, तेल लावून विठ्ठल मंदिराच्या सभामंडपात पूजेला जात, आणि संध्याकाळच्या कीर्तनाआधी बापूसाहेब त्यांच्यावर बोलत. कीर्तनाला वेळेवर येणारी माणसं या बोलण्यामुळं उशिरा यायला शिकली होती.

तर त्या सकाळी सतरंजीवर हत्यारं मांडलेली. लोखंडी टोप तेवढा बाळाबाई नेहमीप्रमाणं पुसायला आत घेऊन गेल्या होत्या. टोपाला त्या बापूसाहेबांना हात लावू देत नसत. तुमच्या हातनं पडंल, म्हणत. घर निवांत बघून बापूसाहेबांनी पट्ट्यात हात घातला, कागद सोडवला, लाडू मुठीत धरला, आणि नेमक्या बाळाबाई हळदकुंकवाचं ताट घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"काय करताय?"

"अडकला," बापूसाहेब म्हणाले.

तोंडातून निघालं ते निघालं. आता मूठ सोडून हात काढावा, तर लाडू आत खुळखुळ्यासारखा वाजणार. न सोडावी, तर हात निघत नाही. शिवाय हात निघाल्यावर कुणीही माणूस पहिली गोष्ट करणार ती म्हणजे आत डोकावून बघणं. बापूसाहेबांनी मूठ घट्ट धरली.

पहिल्यांदा लेक धावली. ऋतुजा रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला, त्यामुळं घरातली डॉक्टर तीच. तिनं खोबळ्यात करडईचं तेल ओतलं. तेल लाडवानं पिऊन टाकलं. मग साबणाचं पाणी आलं. ऋतुजा पात्याकडून ओढायची, बाळाबाई खांद्याकडून ओढायच्या, आणि मधले बापूसाहेब कण्हायचा अभिनय करता करता खरोखर कण्हू लागले.

"आप्पा, हात ढिला सोडा की."

"सोडलाय."

"मग निघंना का?"

बापूसाहेबांना कोंडीत पकडलं की ते इतिहासात शिरत. ते सांगू लागले की हा दोष हाताचा नाही, मुलखाचा आहे. उत्तरेकडची तलवार वाकडी, घोड्यावरून जाता जाता कापायची. मूठ उघडी, हात केव्हाही मोकळा. राजस्थानी खांडा सरळ, रुंद, वजनदार, घाव घालायचा. त्याचीही मूठ उघडीच. केरळातली लवचीक तलवार, उरुमी, तर कमरपट्ट्यासारखी गुंडाळतात. कोडगूकडचा कोयता पाठीशी लटकवतात, कारण तिथं रान दाट. मराठी मुलखात मात्र हाताला घावच लागू नये म्हणून कारागिरानं हात अख्खा लोखंडात बसवला. त्यात मनगट वळत नाही, सगळा जोर खांद्याचा.

"मंजे दुसऱ्याला मारायच्या आदी आपणच अडकायचं," बाळाबाई म्हणाल्या, आणि पात्याच्या टोकाला त्यांनी एक लिंबू खोचलं. कुणाच्या डोळ्यात जायला नको म्हणून.

तोवर शेजारचे चनबसप्पा आले. त्यांचं वेल्डिंगचं दुकान. अक्कलकोटकडचा माणूस, आश्चर्य कानडीत करायचा आणि उपाय मराठीत सांगायचा.

"अय्यो, एनायतु री हे?" म्हणत त्यांनी पट्ट्याभोवती एक प्रदक्षिणा घातली. खोबळ्यावर बोटानं टिचकी मारली. मग दुकानातून ग्राइंडर आणला आणि वायर लावायला भिंतीवर बटण शोधू लागले. "इकडनं एक रेघ मारतो, तिकडनं एक. शेंग फोडल्यासारखा दोन फाका. हाताला लागलं तर बगू नंतर."

बापूसाहेब मागं सरकत भिंतीला टेकले. आजोबांचा पट्टा कापायचा नाही, असं त्यांनी बजावलं. चनबसप्पांना त्यात आजोबांविषयीची माया दिसली आणि त्यांचे डोळे भरून आले. ग्राइंडर बाजूला ठेवून ते म्हणाले, "युरोपात कसं असतंय हो हे?"

तिकडं लोखंडी हातमोजा वेगळा आणि तलवार वेगळी, बापूसाहेबांनी सांगितलं. अंगभर चिलखत, मग हातालाही त्याचाच तुकडा. आपल्याकडं उन्हात चिलखतं घालून कोण मरणार, म्हणून मोजा आणि तलवार एकात एक जोडली.

"मग तुमी तिकडचं का न्हाय घेतलं? मोजा काडून ठेवला असता, विषय संपला."

यावर ऋतुजानं एक्सरेचा विषय काढला. हाड दुखावलं असेल, सूज असेल, दवाखान्यात जाऊ, ते नीट कापून काढतील. एक्सरेत लोखंडापलीकडं काही दिसतं की नाही हे बापूसाहेबांना माहीत नव्हतं. पण आपल्या मुठीत तळलेल्या डिंकाची गोल सावली, तिच्यातली खारकेची बी राहून गेलेली असली तर तीही, असं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढं आलं. त्यांनी निक्षून सांगितलं, आधी कीर्तन. इतक्या वर्षांत कीर्तन चुकलेलं नाही. कीर्तन झालं की मग दवाखाना, मग कापा काय कापायचं ते.

हे तहाचं कलम मंजूर झालं. दुपारी देवीला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. बाळाबाईंनी स्वतःच्या हातानं बापूसाहेबांना भरवलं. भाकरी, मेथी, दही. पोळी त्यांना नाही, स्वतःच्या ताटातही नाही.

"तुमीबी न्हाय, मीबी न्हाय," त्या म्हणाल्या. "देवी बगती की."

बापूसाहेबांच्या घशात भाकरी अडकली, आणि हे अडकणं तरी खरं होतं. मुठीत पेटके येत होते. खोबळ्याच्या फटीतून मुंग्यांची एक रांग आत निघाली होती, बाहेर कुणीच येत नव्हतं. एकदा त्यांच्या ओठांवर सगळं आलं. पण बाळाबाई घास हातात धरून ज्या प्रेमानं बघत होत्या, त्या प्रेमापुढं खरं बोलायला वाघाचं काळीज लागतं. बापूसाहेबांकडं फक्त वाघनखं होती, तीही जत्रेतली.

संध्याकाळी हत्यारं रिक्षानं पुढं गेली. रिक्षात बापूसाहेब मावेनात, म्हणून ते ऋतुजाच्या स्कूटरवर मागं बसले, आणि पातं तिच्या कानाजवळून पुढं, टोकाला लिंबू. सात रस्त्याला हवालदारानं शिट्टी मारली.

"लायसन हाय का?"

"गाडीचं का पट्ट्याचं?" ऋतुजानं विचारलं.

हवालदारानं आयुष्यात हा प्रश्न ऐकला नव्हता. त्याचा विचार चालू असतानाच बापूसाहेबांनी त्याला कट्यारी-कट्यारींतला फरक समजावायला घेतला. दोन दांड्यांमध्ये आडवी मूठ सगळीकडंच. पण दक्षिणेकडं बोटांवर पानासारखी ढाल, उत्तरेकडं बोटं उघडी. मागं वाहनं तुंबली. धोप तलवार स्वारासाठी लांब आणि सरळ का, इथपर्यंत येताच हवालदार म्हणाला, "मामा, जावा. तुमच्या हातात हाय ती शिक्षा पुरं हाय."

सभामंडप भरला होता. त्या दिवशी कीर्तन जोतीराम महाराज वैरागकरांचं. आवाज असा, की पहिला षड्ज लागला की समईच्या वातीनंसुद्धा नीट उभं राहावं. बापूसाहेबांचं भाषण मात्र कधी नव्हे ते छोटं झालं आणि त्यासाठी लोकांनी त्यांना टाळ्या दिल्या. ते पुढच्या रांगेत बसले, पट्टा मांडीवर आडवा. बायकांच्या बाजूला बाळाबाई.

महाराजांनी पूर्वरंग लावला, आणि बोलता बोलता त्यांची नजर लिंबावर गेली. समोर असं आयतं उदाहरण बसलेलं असताना जो कीर्तनकार सोडून देईल तो कीर्तनकार कसला.

"बगा मंडळी," महाराज म्हणाले, "कुणी घराची काळजी घिऊन येतंय, कुणी दुकानाची. आमचे बापूसाहेब हत्यार घिऊन आलेत. देवाच्या दारात आलं तरी माणसाच्यानं मूठ सुटत न्हाय."

मंडप हसला. बापूसाहेबही हसले, पण त्यांचे कान तापले. बायकांच्या बाजूनं कुणी हसलं नाही ते फक्त बाळाबाई.

आणि मग गजर सुरू झाला. विठ्ठल, विठ्ठल. आधी हळू, नुसती वीणा. मग पखवाज आत आला, मग टाळ. लय चढत गेली. आता जो कीर्तनाला बसतो त्याला हे सांगायला नको, की गजर द्रुत झाला की हात आपले राहत नाहीत. बापूसाहेब तर गजरातले नामांकित वेडे. महाराजांनी दोन्ही हात वर करून नुसता इशारा केला, सगळा मंडप उठला, आणि बापूसाहेबही उठले. पट्टा नाही, लाडू नाही, साखर नाही, फक्त नाव. त्यांचे दोन्ही हात वर गेले आणि टाळीसाठी दोन्ही तळवे, सकाळपासून पहिल्यांदा, सपशेल उघडले.

टाळीला हात खाली येताच तेलासाबणानं न्हालेला दांडपट्टा सुरकन निघाला आणि सतरंजीवर आडवा झाला. त्यातून काळा पडलेला, मुंग्या लागलेला एक डिंकाचा लाडू बाहेर आला, पखवाजाच्या लयीत घरंगळत गेला आणि महाराजांच्या पायाशी थांबला.

गजर बंद पडला. आधी टाळ थांबले, शेवटी वीणा. महाराज वाकले. त्यांनी लाडू उचलला, मुंग्या फुंकल्या, कपाळाला लावला आणि पंच्यात बांधला. "सुटला," ते म्हणाले, आणि गजर पुन्हा उचलला.

बापूसाहेबांनी बायकांच्या बाजूला बघितलं. बाळाबाई देवाकडं बघत टाळ्या वाजवत होत्या.

घरी आल्यावर त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रागावल्या नाहीत. जेवायला वाढलं, ताटं घासली, कुणावर भांडं आपटलं नाही. ऋतुजानं तेवढं विचारलं, "आप्पा, राजस्थानी खांडा असता तर लाडू कुटं लपवला असता?" बाळाबाई तिला म्हणाल्या, "गप बस गं. माणूस हाय. चुकतंय." बापूसाहेबांना रात्रभर झोप लागली नाही. इतकी क्षमा त्यांना पेलत नव्हती.

दसऱ्याच्या सकाळी हत्यारं परत आली. प्रायश्चित्त म्हणून आज सगळी हत्यारं आपण एकट्यानं पुसून भिंतीवर लावायची, असं बापूसाहेबांनी ठरवलं होतं. पट्टा लावला. खांडा लावला. मग टोपाकडं हात नेला.

"टोप ऱ्हाऊ द्या," बाळाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, आणि मागोमाग आल्यासुद्धा. "मी बगती त्याचं."

पण टोप तोवर उलटा झाला होता. आतल्या गादीच्या उसवलेल्या शिवणीत, मऊ कापसात, तेलकट कागदाची एक पुडी बसवलेली होती. बापूसाहेबांनी ती सोडली. आत बालुशाह्या होत्या. एक अर्धी खाल्लेली.

 बाहेर पोरं आपट्याची पानं वाटत ओरडत होती.

"हा टोप विजापूरकडचा," बापूसाहेब म्हणाले. "तिकडच्या टोपाला आतनं कापसाची गादी असायची. डोक्याला मार लागू नये म्हणून."

"बालुशाहीलाबी लागत न्हाय," बाळाबाई खाली बघत म्हणाल्या.

बापूसाहेबांनी अर्धी उचलली आणि त्यांच्या हातावर ठेवली. एक स्वतःच्या हातावर घेतली. पाक बोटांना लागला. आता तुळजापूरला दोघांनी मिळून जावं लागंल, असं काहीतरी ते बोलणार, एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. ऋतुजा साखर तपासायचं यंत्र घेऊन आत आली.

"आप्पा, हात करा पुढं. आणि आई, तुझीबी बगून टाकू आज."

दोघांनी एकदमच हात पाठीमागं घेतले.

"अडकलाय," बाळाबाई म्हणाल्या.