वसंतरावांचं अकाउंट

"संगणकाचा काळा पडदा म्हणजे आपल्या डाव्या हातचा मळ!" असं काशिनाथ दाते सोमवारी सकाळी पोह्यांची बशी खाली ठेवत म्हणाले. टाउनशिपमधल्या घरांचं वाटप पाहणाऱ्या इस्टेट ऑफिसातून फोन नुकताच येऊन गेला होता. रविवारी संगणकाचं अपडेट झालं आणि सोमवारी कुणाचंच लॉगिन होईना. तीन आठवड्यांपूर्वी काशिनाथरावांकडे संगणकांचा जादा चार्ज आला होता आणि पहिलं संकट आज दाराशी उभं होतं.

"लवकर नीट करा हो," शशिकलाबाई म्हणाल्या. "शुक्रवारी क्वार्टरचं वाटप आहे ना?"

आता हे क्वार्टर म्हणजे काय चीज होतं ते सांगायलाच हवं. तळमजल्याचं! शशिकलाबाईंचे गुडघे गेलेले आणि राहणं तिसऱ्या मजल्यावर. अकरा वर्षं वाट पाहून काशिनाथरावांचा नंबर आता कुठे पहिला आला होता.

ऑफिसात सात जण हात बांधून उभे होते. काशिनाथरावांनी आपल्या नावाने लॉगिन केलं, ते झालं. काळा पडदा, म्हणजे टाईप करून संगणकाला हुकूम सोडायची खिडकी, उघडून त्यांनी सगळ्या अकाउंटांची यादी काढली. सगळी ठणठणीत! फक्त एकापुढे 'मुदत संपली' असा शेरा. नाव वसंत गोखले.

"हे गोखले कोण?"

"वसंत सर. रिटायर झाले," क्लार्क सुचेता म्हणाली. "आठ साल झाले. पण सर, ते..."

"बोलू नका! एकाग्रता लागते."

काशिनाथरावांना रोग सापडला. पेटीत एक आंबा नासला की सगळी पेटी जाते! त्यांनी एक ओळ टाईप केली. अकाउंटही जावं आणि आतलं सामानही जावं, अशी. एंटर! काळा पडदा 'नक्की का?' असं विचारत नाही. तो गप्प राहिला.

"झालं! आता करा लॉगिन."

"कशावर करू सर?" सुचेताने विचारलं. "आम्ही सगळे वसंत सरांच्याच अकाउंटवर काम करतो ना."

"सगळे?"

"सगळे. पासवर्ड त्या कॅलेंडरवर लिहिलाय. आमच्या नावाची अकाउंटं कोणी कधी वापरलीच नाहीत."

काशिनाथरावांनी कॅलेंडरकडे पाहिलं. "त्यात होतं काय?"

"सगळंच. क्वार्टरची यादीसुद्धा."

बाप रे! त्यांनी त्याच नावाचं नवं अकाउंट उघडलं. लॉगिन झालं! सात जणांनी टाळ्या वाजवल्या. आणि आत पाहतात तो काय, नुसत्या भिंती! एक फाइल म्हणून नाही.

"बॅकअप?" काशिनाथरावांनी देवाचं नाव घ्यावं तसं विचारलं.

"आहे ना सर! दर शुक्रवारी घेतो."

"कुठे?"

"वसंत सरांच्याच अकाउंटमध्ये."

"आणि लोकांचे कागदी अर्ज?"

"एंट्री झाली की रद्दीत."

शेवटचा उपाय म्हणून वसंतरावांना फोन लावला. ते बिट्टन मार्केटात भाजी घेत होते.

"काय सांगता! आठ वर्षं ऑफिस माझ्याच नावावर चालतंय?" वसंतरावांना गहिवरून आलं. "अहो, माझ्यावाचून तिथलं पान हलत नाही हे मी घरी सांगून थकलो, कोणी ऐकत नव्हतं! थांबा, हिला फोन देतो, हिला सांगा!"

यादीची प्रत? ती मात्र त्यांच्याकडे नव्हती.

दुपारी ऑफिसचे प्रमुख तिवारीसाहेब यांच्या कानावर गेलं. साहेबांनी काशिनाथरावांना बोलावून घेतलं. "दातेजी, ये क्या कर डाला?" मग हुकूम सुटला. प्रत्येकाने क्वार्टरसाठी अर्ज केल्याची तारीख स्वतः लिहून द्यावी, त्यावरून नवी यादी होईल.

काशिनाथराव इतके हादरले होते की त्यांनी खरी तारीख लिहिली.

संध्याकाळी सुचेताने नवी यादी आणली. बाकीच्या सगळ्यांची तारीख एकच होती, अर्ज घेणं सुरू झालं तो पहिला दिवस! त्यातले दोघे तर त्या दिवशी शाळेत होते. काशिनाथराव तणतणत साहेबांकडे गेले.

"हरकत आहे? लिखकर दीजिए," साहेब शांतपणे म्हणाले. "पण मग पहिली यादी कशी गेली, तेही लिहावं लागेल."

काशिनाथराव पेन खिशात ठेवून घरी आले. तीन जिने चढले. शशिकलाबाईंनी दार उघडलं.

"झालं का नीट?"

"झालं. सगळ्यांचं लॉगिन होतंय."

"आणि आपला नंबर?"

"सत्तावीस."

शशिकलाबाई गुडघ्याला हात लावून खालीच बसल्या. "अगं बाई! किती जणांत?"

"सत्तावीस."