पिंजऱ्यातले नामदेवतात्या

नामदेवतात्यांच्या हाती कोणतीही नवी वस्तू आली, की ते प्रथम तिचा कोपरा नखाने खरवडून पाहतात. तमिळनाडूत चाळीस वर्षे सोने आटवण्याचे गलाई दुकान चालवून ते विट्यास परतले. दुकान दोन्ही मुलांकडे राहिले, खरवडणे सोबत आले. "टंच काढल्याबिगर कशावर इस्वास ठिवू न्हाई," असे ते बजावतात. सोन्याचा टंच, म्हणजे कस, काढावा तसा त्यांनी माझ्या नव्या फाटकाचा रंग काढला, तेव्हा शेजारी या नात्याने मी त्यांस रीतसर लेखी नोटीस दिली. तिचाही कोपरा चोळून ते म्हणाले, "कागुद लय चांगला हाय, आण्णा. च्या घेनार?" नोटिशीचे उत्तर आजतागायत आलेले नाही. चहा मात्र रोज येतो.

गेल्या महिन्यात सांगलीच्या एका मैदानावर मत्स्यालयाचे प्रदर्शन लागले, म्हणून आम्ही दोघे गेलो. 'पिंजऱ्यात उतरा, शार्कला भेटा!' फलकावरचा जबडा बैलगाडी गिळेल एवढा; टाकीत हातभर लांबीचे तीन शार्क, तेही दुपारनंतरच्या कारकुनाइतके कंटाळलेले. ही ग्राहकांची उघड फसवणूक आहे, असे मी व्यवस्थापकास सुनावत होतो, तोच तात्या म्हणाले, "काचंतनं कुठं टंच कळतोय? मी आत उतरनार."

"तात्या, तुम्हाला पोहता येत नाही."

"आवं, पिंजऱ्यात कशाला पवायचं? नुस्तं हुबं ऱ्हायाचं."

अर्ज वाचून माझे रक्त उसळले. 'कोणत्याही इजेस आयोजक जबाबदार नाहीत.' हे कलम कोणत्याही न्यायालयात टिकणार नाही, असे बजावून मी ते तांबड्या शाईने खोडले. व्यवस्थापकाने निमूटपणे दुसरा कोरा अर्ज पुढे केला. शिवाय साठीपुढील इसमास नातेवाइकाची संमती आवश्यक; फोनवरही चालेल, म्हणाला.

तात्यांनी थोरल्यास फोन लावला. "मागनं करतो, बाबा," म्हणून त्याने ठेवला. धाकट्याने उचललाच नाही. तात्यांनी फोन खिशात ठेवला. मग त्यांनी माझेच पेन मागून घेतले, काहीतरी लिहिले आणि अर्ज माझ्यापुढे सरकवला. नातेवाइकाच्या रकान्यात माझे नाव होते. नाते: भाऊ.

"हे खोटे निवेदन आहे," मी म्हणालो. "आपले आडनावदेखील एक नाही."

"न्हाई. पर च्याला येळ झाला तर 'कुठं अडकला हुता' म्हनून मला इचारनारं दुसरं कोन हाय? बसवा कसं बसतंय ते तुमच्या कायद्यात."

मी सही केली. खाली दिनांकही घातला.

हवेच्या नळीचा मुखवटा चढवून तात्या पिंजऱ्यातून पाण्यात उतरले. दोन्ही हातांनी गज घट्ट धरून ते काचेपलीकडून माझ्याकडे पाहत होते. एक शार्क त्यांच्या पाठीमागून अगदी जवळून गेला, तरी त्यांनी मान वळवली नाही. मी तिथे आहे की नाही, एवढेच ते बघत होते.

मी काचेपासून हललो नाही.