विरजणाची साक्ष

चिंतामणरावांनी पडशानं बंद झालेलं नाक शिंकरलं आणि जाहीर केलं, "गवळ्याच्या जिभेवर माझा भरवसा नाही. आता विरजणच साक्ष देईल."

ते अमरावतीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. उन्हाळ्यात दूध नासू नये म्हणून गवळी त्यात काहीबाही टाकतात, असं त्यांच्या कानावर आलं होतं.

"विरजणातले जंतू जिवंत असतात, विमल. दुधात काही कालवलं असलं तर आधी ते मरतील. दही लागलं तर दूध चोख."

संध्याकाळी त्यांनी स्वतः तीन वाट्या धुतल्या. एकीत सूर्यभान गवळ्याचं दूध, दुसरीत शेजारच्या दुर्गाबाईंच्या गाईचं, तिसरीत डब्यातल्या पावडरीचं. विरजण लावून वाट्या झाकल्या आणि बायकोला बजावलं, "हात लावायचा नाही."

सकाळी त्यांनी झाकणं काढली. तिन्ही वाट्यांत दूध पाण्यासारखं हलत होतं.

विमल आत लेकीकडे धावली. सूर्यभानचंच दूध पिऊन एक वर्षाची शालू झोपली होती, आणि अजून उठली नव्हती. तिनं लेकीच्या नाकाशी बोट धरलं. ऊन ऊन श्वास लागला, तरी बोट काढवेना.

"तिन्ही दुधं विषारी," चिंतामणराव पुटपुटले. "म्हणजे अख्खी अमरावती..."

तेवढ्यात सूर्यभान दारात आला. आरोप ऐकताच त्यानं दुधाची चरवी तोंडाला लावली. "पाहा मास्तर. काही होऊन राहिलं का मले?"

"तासभर इथंच बस. असर हळूहळू होतो."

सूर्यभान ओट्यावर बसला. बसता बसता त्याचा चेहरा उतरत गेला.

"बाई, पोटात कसंसंच होऊन राहिलं. घरी सांगावा धाडा."

विमलनं झोपलेल्या शालूला छातीशी घट्ट धरलं. मग नवऱ्याची मनाई मोडून एक वाटी उचलली आणि नाकाशी नेली.

"अहो, वाट्या कशानं धुतल्या होत्या?"

"फिनेलनं. एकही जंतू राहायला नको होता."

"अन् वरून पाण्यानं?"

"छे. पाण्यात जंतू असतात."

"मग राहिला नाही एकही."

सूर्यभानचं पोट तिथल्या तिथे बरं झालं. "मास्तर, तुमच्यापरीस तुमचं विरजण शहाणं," म्हणत त्यानं चरवी उचलली. शालू जागी झाली आणि तिनं दुधासाठी भोकाड पसरलं. इतकं गोड रडणं विमलनं कधी ऐकलं नव्हतं.

"पण विष होतं, आणि विरजणानं ते ओळखलं," चिंतामणराव म्हणाले. "परीक्षा अचूकच निघाली की!"

विमलनं दूध तापवलं, निववलं, वाटीत ओतलं. मात्र पहिला घोट तिनं नवऱ्यालाच प्यायला लावला, आणि तासभर समोर बसवून ठेवलं.