लॅपटॉपाची मूर्च्छा आणि चिटणिसांची बोलणी

श्रीकार्यकारण समर्थ. जे दिसत नाही तरी असते, त्या कारणास नमस्कार करून लिहिले ऐसे जे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, वैशाख वद्य पंचमीस, दोन प्रहरी, दरबारचा लॅपटॉप मूर्च्छित पडला. कळ दाबिली तरी पडदा काळा, आणि चार्जर लाविला तरी दिवा लागेना. आणि सरहद्दीवरील आमराईचा दावा त्यातच लिहिला होता, आणि तो सूर्यास्तापूर्वी लवादाकडे रवाना न होईल तर आमराई पाडाच्या आंब्यांसह शेजारील राज्याची, ऐसा करार होता. दावा लिहिणार अंताजीपंत चिटणीस. दुसरी प्रत ठेविणे म्हणजे यंत्रावर अविश्वास दाखविणे, ऐसा दरबारी रिवाज, म्हणोन दुसरी प्रत नव्हती. राज्याच्या धनी बाईसाहेब म्हणाल्या, "पंत, आमराई गेली तर चिटणिशीही गेली म्हणून समजा."

मग यंत्रशाळेचे दरोगा सुभानजी यांस पाचारण जाहले. पंतांनी त्याच सॉकेटात पंखा लाविला, तो फिरला, आणि सॉकेट निर्दोष ठरले. मग दुसरा चार्जर आणविला, तोही व्यर्थ. तेव्हा पंत बोलिले, "दोष यंत्राच्या पोटी आहे." सुभानजी बोलिले, "हे तर आम्ही न पाहताच सांगितले असते." "मग सांगितले का नाही?" "कोणी पुसले नाही, पंत." आणि सुभानजींनी यंत्रास दृष्ट लागली ऐसा निर्णय केला, आणि ओवाळताना वायर आड येते म्हणोन चार्जर उपटून ठेविला, आणि मीठमोहऱ्या उतरिल्या. यंत्र ढिम्म.

मग बाईसाहेब कोपायमान होऊन यंत्राजवळ आल्या, आणि अंगठा कळेवर रोवून पंतांस बोलू लागल्या. धनी रागे भरत असता सर्वांनी आपापले पाय पाहावे, आणि बोलणी खाणाराने मेजापुढे वाकावे, ऐसा रिवाज; त्याप्रमाणे सर्व जाहले. "अक्कल गहाण टाकलीत का, पंत? शेजाऱ्यांनी आमरस ओरपायचा आणि आम्ही कोयी चोखायच्या? दुसरी प्रत ठेवायला हात दुखले?" "रिवाज होता, बाईसाहेब." "कोणी घातला असला रिवाज?" "आपणच." "वर तोंड करून उलट बोलता?" "तोंड खालीच आहे, बाईसाहेब." ऐसे बोलणे दीर्घ चालिले, आणि अंगठा कळेवरून हलला नाही. मग बाईसाहेब दमून बसल्या, आणि सुभानजींनी काहीतरी करावे म्हणोन चार्जर पुन्हा लाविला, तो दिवा लागला; कळ दाबिली, तो पडदा उजळला. दावा रवाना जाहला आणि आमराई राहिली.

मग गुण कशाचा, याची पंचाईत बसली. मिठानंतर यंत्र मेलेलेच होते आणि बोलण्यांनंतर उठले, सबब गुण बोलण्यांचा, ऐसे ठरले. पंत बोलिले, "गुण अंगठ्याचा. चार्जर काढून कळ दीर्घ दाबिली, पोटात अडकलेली वीज निघून गेली." पंचांनी पुसले, "अंगठा कोणी पाहिला?" "मी. वाकलो होतो, नाकासमोरच होता." "आणखी कोणी?" सर्वांनी आपापले पायच पाहिले होते. मग पंतांनी विनंती केली, की पुन्हा ऐसा प्रसंग येईल तेव्हा अंगठा दाबावा आणि एक शब्दही बोलू नये. ती मान्य जाहली.

भाद्रपदात यंत्र पुन्हा पडले. पंतांनी चार्जर काढिला, आणि बाईसाहेबांनी अंगठा रोविला, आणि दरबार चिडीचूप. मग चार्जर लाविला, तो दिवा लागला. पंतांनी जन्मात प्रथमच मान वर केली. "पाहिलेत, बाईसाहेब? एक शब्दही न बोलता!"

"आम्ही मोठ्याने नाही बोललो," बाईसाहेब म्हणाल्या. "मनातल्या मनात बोललो की. बहुत बोललो."

दरबार वाहवा म्हणाला. पंत पुन्हा मेजापुढे वाकले. मग शाल देऊन, यंत्राप्रीत्यर्थ बोलणी खाण्याचा मान चिटणीस घराण्याकडे वंशपरंपरेने चालवावा, ऐसी आज्ञा जाहली.

सारांश: आमराई राज्यात राहिली, चिटणिशी घराण्यात राहिली, यंत्र चालते, कारण मात्र दरबारात हजर असूनही कोणास भेटले नाही. दुसरी प्रत अद्याप ठेवीत नाहीत.