भिकुबाईचा रोगट हात

"शेतकऱ्याला मिरचीचा रोग कळेपर्यंत पीक हातचं गेलेलं असतं. माझ्या मॉडेलला तो पान बघताक्षणी कळतो!" संख्याशास्त्राचे प्राध्यापक गिरधर पाटील हे नंदुरबारच्या कॉलेजात शिपायालासुद्धा ऐकवत. बारा हजार फोटो दाखवून त्यांनी संगणकाला शिकवलं होतं. अचूकता सत्त्याण्णव टक्के! त्यांच्या संशोधन केंद्राला मंजुरी द्यायला विद्यापीठाची समिती आली, तेव्हा सरांनी तिला थेट कोरीट गावी भिकुबाई या शेतकरणीच्या मिरचीत नेऊन उभं केलं.

समितीच्या अध्यक्षांनी एक हिरवंगार पान ऐटीत हातात धरलं. सरांनी मोबाइल रोखला.

"रोगट! अठ्ठ्याण्णव टक्के!"

दुसरं पान धरलं. रोगट! तिसरं. रोगट!

भिकुबाईचा नवरा दोधू पांढराफटक पडला. "मंग उपटी टाकू का, सर?"

"उपटा! नाहीतर वावरभर पसरेल!" सरांचा चेहरा घरात लग्न जमल्यासारखा फुलला होता.

दोधूने तीन झाडं उपटली. चौथ्याला भिकुबाईने त्याचं मनगट धरलं.

"या मिरचीले काहीच हुयेल नही शे, सर."

"तुमच्या डोळ्यांना नाही दिसणार, बाई. हे विज्ञान आहे!"

भिकुबाईने बांधालगतचं एक रोप दाखवलं; त्याची पानं आकसून पार वाकडी झाली होती. "याना फोटो काढा. हात नका लावू."

"निरोगी! नव्व्याण्णव टक्के!"

"आते नुसता मन्हा हातना काढा."

"रोगट!"

"सर, तुमनं यंत्र पान देखतच नही. हात देखस!"

सरांनी घाईघाईने मॉडेलला शिकवलेले फोटो मोबाइलवर चाळले. रोगट पानांचे फोटो शेतकऱ्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होते, पान हातात धरून. निरोगी पानं विद्यार्थ्यांनी झाडावरच टिपली होती. बिचारं मॉडेल इमानेइतबारे हात ओळखायला शिकलं होतं!

समिती मात्र आभाळ न्याहाळू लागली. याच मॉडेलच्या अहवालावर तिने न वाचताच 'उत्कृष्ट' असा शेरा मारला होता.

भिकुबाईने उपटलेली झाडं सरांपुढे धरली. "लावा आते." टाय खांद्यावर टाकून सर चिखलात उकिडवे बसले. केंद्र गेलं, अब्रू गेली, असं म्हणत त्यांनी तिन्ही झाडं लावली.

परतताना गाडीत अध्यक्ष हळूच सरकून जवळ आले. उजवा हात पुढे करून कुजबुजले,

"पाटील, तीनदा रोगट म्हणालं हो! स्किनच्या डॉक्टरला दाखवून घेऊ का?"

सरांच्या जिवात जीव आला. केंद्र मंजूर होणार होतं!