अजरामर तबकडी आणि दीडशे जोडी डोळे

कोणतीही कलाकृती अजरामर होण्यासाठी एक समिती लागते. कलावंत लागतोच असं नाही. तो बहुधा आधीच वारलेला असतो.

याच तत्त्वावर एकोणीसशे ब्याण्णव साली आमचं पेण-रोहे संयुक्त जाझ रसिक मंडळ स्थापन झालं. मी चिटणीस. अध्यक्ष हैबतराव, कारण मंडळाचं कपाट त्यांचं. मंडळात उणीव एकच होती, जाझची. तीही भरून निघाली. पेणजवळच्या जोहे गावातल्या गुणाजीकडे सॅक्सोफोनची एक जुनी, जगभर नावाजलेली तबकडी असल्याचं कळलं. रोह्याच्या मुरादने ती कुवेतहून येताना त्याला आणून दिली होती.

गुणाजी गणपतीच्या कारखान्यात डोळे आखायचा. रंगाला बाकी हात बरेच, पण डोळे त्याचे एकट्याचे. तबकडीच्या दुसऱ्या गाण्यात सॅक्सोफोन वाजवणारा एकच सूर लांबवर धरतो. तेवढ्या दमात गुणाजी पापणीची रेघ या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत ओढायचा. रेघ कधी हलली नाही. वीस वर्षं तो माणूस त्या तबकडीचा असा निव्वळ कामासाठी वापर करत होता! वेष्टनावर रंगाची बोटं, चहाचा गोल डाग. मी लगेच रुमाल काढून ते पुसायला घेतलं. (हैबतरावांनीही रुमाल काढला, पण तो बोंबलांमुळे असावा.)

आम्ही गुणाजीला शाल घातली, नारळ दिला आणि तबकडी घेऊन आलो. ठराव क्रमांक चार : तबकडी झिजू नये म्हणून ती वाजवू नये. मग सर्वेक्षण केलं. एकशे सात जणांपैकी एकशे सात जणांनी ती अजरामर असल्याचं लिहून दिलं. ऐकली आहे का, हा प्रश्न छापील अर्जात नव्हता (जागा पुरली नाही).

गणपतीला नऊ दिवस उरले तेव्हा गुणाजी आणि त्याची बायको शांती पेणला आमच्या कचेरीत आले. दीडशे मूर्ती रंगवून तयार, डोळे तेवढे राहिलेले. गुणाजी आपल्या हाताकडे बघत म्हणाला, "सायेब, रेघ मधीच अडकते. तबकडी आठ दिवस द्या, परत आणून देतो."

मी अर्ज तीन प्रतींत करायला सांगितला. निर्णय दिवाळीनंतरच्या सभेत.

"तुमी ती ऐकता तरी का ओ?" शांतीने विचारलं.

मी ठराव क्रमांक चार वाचून दाखवला. बाई नवऱ्याला घेऊन चालती झाली. तिला पटला असावा.

गुणाजीने डोळे तसेच आखले. मी मुद्दाम जाऊन बघितलं. रेघा थरथरलेल्या, नजर कुठेच न लागलेली. आमच्या सभेला येणारे सभासद असेच दिसतात. शेवटची मूर्ती झाल्यावर गुणाजी कारखान्यातच बसून रडला. कुंचला त्याने पुन्हा धरला नाही. हल्ली रोह्याला कंपनीत शिफ्टला जातो.

मूर्ती मात्र पेणपासून पुण्यापर्यंत घरोघर गेल्या. आरत्या झाल्या, फोटो निघाले. तक्रार एकही नाही. मंडळाने पत्रं टाकून अभिप्राय मागवले, तर दीडशेच्या दीडशे घरांतून एकच उत्तर आलं, 'डोळे काय बोलके आहेत!'

वाचक महाशय, त्यांतली एक मूर्ती आपल्याकडे होती. आपलं पत्र फायलीत जपून ठेवलं आहे. सभासदत्वाचा अर्ज सोबत जोडला आहे. सही तेवढी करावी. वाचायची गरज नाही.