भिंगरीचे गट आणि आईची गाठोडी

"पहिलीचा अभ्यास? हात्तिच्या! माझ्यावर सोपवा आणि निवांत राहा!"

ताईने ही घोषणा केली तेव्हा घरात निवांत असं कुणी नव्हतंच, त्यामुळे ती एकमताने मंजूर झाली. ताई नववीत. वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस मिळाल्यापासून ती साधं "पाणी दे" सुद्धा सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं म्हणायची. धाकटी भिंगरी पहिलीत. नावाप्रमाणेच एका जागी न टिकणारी!

पालकसभेलाही आई-बाबांच्या जागी ताईच गेली होती. पहिलीच्या बुटक्या बाकावर, गुडघे हनुवटीला टेकवून, खऱ्याखुऱ्या पालकांच्या मधोमध! भिंगरीच्या बाई म्हणाल्या, "सध्या आम्ही वस्तूंचे गट करायला शिकतोय. सारखं काय, वेगळं काय, हे मुलांना हाताने कळू द्या. घरी चमचे द्या, वाट्या द्या. मुलाने गट केले की एवढंच विचारा, 'हे इथे का ठेवलंस?' आणि मग ऐका."

चमचे! ताईला ते फारच मिळमिळीत वाटलं. ऐकण्याचा भाग तर तिने तिथल्या तिथे सोडून दिला.

आला रविवार. आई शिवणकाम करते आणि घराची पुढची खोली म्हणजे तिचं कामाचं ठिकाण. त्या आठवड्यात तिला एका हॉटेलचं काम मिळायच्या बेतात होतं. स्वयंपाकघरातल्या झाडून सगळ्या माणसांचे पांढरे कोट! आईने कापड बेतून ठेवलं होतं. एकेका माणसाच्या बाह्या, पाठ, पुढचे भाग, कॉलर आणि खिसे यांचं एकेक गाठोडं, आणि वर चिठ्ठी. मुख्य आचारी संध्याकाळी आपला कोट घालून बघायला येणार होता. त्याला पसंत पडला, तर वर्षभर हॉटेलचं सगळं शिवण आईकडे. नाही पडला, तर आईने पुन्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पडद्यांना दुमड घालत बसायचं.

आई बटणं आणायला बाहेर पडली. ताई आरशासमोर उभी राहून नवीन भाषणातला संताप बसवत होती. भुवया अजून मनासारख्या चढत नव्हत्या.

"ताई, अभ्यास दे ना!"

"त्या खोलीत कापडं आहेत. जा, गट कर!"

ताईच्या मनात होती मशीनखालची चिंध्यांची पेटी. पण भुवया चढवताना एवढ्या तपशिलात कोण शिरतं?

भिंगरी गेली. समोर गाठोडी! पण आईच्या गाठी त्या, लोखंडाला लाजवतील अशा. भिंगरीच्या बोटांना दाद देईनात. तेवढ्यात बाबा आले. बाबा गोदामात कामाला. सामान रचलेलं दिसलं की त्यांचे हात शिवशिवतात.

"काय चाललंय?"

"गट करायचेत. शाळेचा अभ्यास."

"वा! याला म्हणतात शिक्षण! अगं, आमच्या गोदामात दुसरं काय असतं? खोकी खोक्यांत, पिंपं पिंपांत! आण इकडे, मी सोडतो गाठी!"

आणि त्या माणसाने एकूण एक गाठ सोडून दिली हो! वर लेकीची पाठ थोपटली आणि बाबा पेपर वाचायला गच्चीवर गेले.

आई परतली तेव्हा बाह्यांचा ढीग, पाठींचा ढीग, कॉलरींचा ढीग, सगळं कसं ओळीत मांडलेलं. चिठ्ठ्यांचासुद्धा वेगळा, सुबक ढीग! भिंगरी कंबरेवर हात ठेवून, बक्षिसाची वाट बघत उभी.

आई काही बोललीच नाही. आई बोलत नाही, तेव्हा भिंतीवरची पालसुद्धा जागा बदलते.

मग ती बोलली.

"कुणी सोडल्या या गाठी???"

गच्चीवरून बाबा आणि आरशासमोरून ताई एकाच क्षणी दारात येऊन आदळले.

"तिने अभ्यास दिला!" बाबा.

"गाठी यांनी सोडल्या!" ताई.

"अहो, तुम्हाला डोळे आहेत की बटणं लावलीत मी तिथे? महिनाभर याच कोटांचं बोलतेय ना मी या घरात?"

"अगं पण मला काय माहीत, हेच ते कोट?"

"मग काय, मी हौस म्हणून पांढऱ्या बाह्या जमवते?"

"आई, मी चिंध्या म्हणाले होते!" ताईने स्पर्धेतला आवाज लावला.

"म्हणाली नव्हतीस," भिंगरी म्हणाली.

"तू गप्प बस!" तिघंही एका सुरात. त्या घरात एवढं एकमत पूर्वी झालेलं नव्हतं!

"पण आई, माझं ऐक ना, मी ना..."

"गप्प म्हटलं ना!"

बाबांनी आता शत्रूच बदलला. "चूक शाळेची आहे! थांबा, बघतोच!" म्हणून त्यांनी थेट बाईंना फोन लावला, तोही स्पीकरवर. "काय हो बाई, मुलांना घरं उधळायला शिकवता का तुम्ही?"

"मी चमचे आणि वाट्या सांगितल्या होत्या," पलीकडून बाईंचा रविवार मोडल्याचा आवाज आला. "तुमच्या मोठ्या मुलीने मान डोलावली होती. सभेत सगळ्यांत जास्त वेळा तिनेच डोलावली!"

आई आणि बाबा ताईकडे वळले. ताईचे कान तापले. मिळमिळीत चमच्यांबद्दल आता काय बोलणार? अशा वेळी माणसाने काहीतरी करून दाखवावं, म्हणून ती तरातरा पुढे झाली, बाह्यांच्या ढिगात दोन्ही हात खुपसले आणि सगळा ढीग जमिनीवर उलटा केला. "बोलत काय बसलात? मी आत्ता शोधते आचाऱ्याची बाही!"

"हात लावू नकोस! मला सवय आहे!" म्हणून बाबांनी पाठींचा ढीग ओढला. तो कॉलरींवर कोसळला. "अहो, चुरगाळतंय!" म्हणत आई खिशांवर झेपावली, आणि पंख्याने आपल्यापरीने हातभार लावला. बघता बघता खोलीत असं झालं, जणू ढगांची मारामारी होऊन सगळे ढग खाली पडलेत!

"कुणी ऐकाल का माझं?" भिंगरी किंचाळली. पाय आपटून, डोळ्यांत पाणी, नाक लाल. एवढुसा जीव, पण राग चारही माणसांत तिचाच मोठा!

सगळे थिजले. फोन अजून चालूच होता. त्यातून बाई म्हणाल्या, "तिला विचारलंत का, हे इथे का ठेवलंस म्हणून?"

आईने दात ओठ खात विचारलं, "सांग बाई. का ठेवलंस?"

"मी एकेक गाठोडं घेतलं," भिंगरी हुंदके देत म्हणाली. "त्यातली बाही बाह्यांवर. पाठ पाठींवर. चिठ्ठी चिठ्ठ्यांवर. मग दुसरं गाठोडं. सगळ्यांत वरचं सगळं एका माणसाचं होतं. त्याच्याखालचं दुसऱ्याचं. तसंच उचललं की झालं असतं परत गाठोडं!"

तिघांनी जमिनीकडे पाहिलं. ताईच्या हातात एक बाही होती. कुणाची ते देवाला ठाऊक.

"ठेवते मी फोन," बाई म्हणाल्या.

मग आईने टेप काढला. सगळ्यांची मापं तिला तोंडपाठ होती, पण वेळ कुठे होता? आचारी बुटका आणि रुंद. त्याचा मदतनीस उंच आणि काटकुळा. आई मोजत होती, मोजता मोजता ओरडत होती, शिवताना ओरडत होती, सुई ओवायची म्हणून मध्ये थांबत होती. बाबा "हे घे" म्हणून नको ते पुढे करत होते. ताई प्रत्येक चुकीला "हे बाबांमुळे!" अशी तळटीप जोडत होती. शेवटचा टाका पडला आणि बेल वाजली.

मुख्य आचारी आत आला. कपाळाला आठ्या घेऊनच जन्मला असावा. त्याने कोट चढवला. पाठ झकास! कॉलर झकास! डावी बाही मनगटावर नेमकी थांबलेली. आणि उजवी? उजव्या बाहीत त्याचा हात कधीचा बेपत्ता झाला होता आणि बाहीचं टोक गुडघ्याशी लोंबत होतं!

"ही... ही नवीन पद्धत आहे," बाबा म्हणाले.

"बाबा, तुम्ही गप्प बसा!" ताई कडाडली.

"तूच दिलीस ती बाही!"

"तुम्हीच म्हणालात, लांब ती मोठ्या माणसाची!"

"एकदम चूप!" आचारी गरजला आणि रिकामी बाही दारावर फटकारली. आईचा चेहरा कोटासारखा पांढरा झाला. वर्षभराचं काम त्या लोंबत्या बाहीच्या टोकाला अडकलं होतं.

आईने सबब सांगितली नाही. "काढा कोट," एवढंच म्हणाली. शिवण उसवली. भिंगरी न सांगता जमिनीवर बसली, एकेक बाही डाव्या बाहीवर ठेवून बघू लागली, आणि आईने कात्री खाली ठेवायच्या आत बरोबर जोडीची बाही तिच्यापुढे धरली. आईने ती आचाऱ्यादेखत जोडली. टाके असे की शोधून सापडू नयेत!

आचाऱ्याने कोट घातला. हात वर केले, खाली केले, काल्पनिक कढई ढवळली. आठ्या होत्या तिथेच राहिल्या.

"काम तुमचं. पण माझी अट आहे." त्याने बाबांकडे आणि ताईकडे असं पाहिलं, जसं करपलेल्या पातेल्याकडे बघतात. "कोट पुरे होईपर्यंत या दोघांनी या खोलीत यायचं नाही. ही छोटी चालेल."

"मंजूर," आई म्हणाली. तिने विचार करायलाही वेळ घेतला नाही!

आता ताई आणि बाबा बाहेर जिन्यावर बसले होते. पाठीला पाठ लावून.

"गाठी तुम्ही सोडल्यात!"

"ढीग तू उधळलास!"

"तुम्ही पाठी ओढल्यात!"

"आणि चमचे कुणी खाल्ले? आं?"

आतलं मशीन थांबलं. दार बोटभर उघडलं. भिंगरीने आधी बाबांकडे बघितलं, मग ताईकडे. नीट, वरपासून खालपर्यंत.

"दोघं एकाच गटात," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.